मागे माणसं बसली की टायर घासायचा: गरवारे पॉइंटजवळच्या मामांकडचा अनुभव

मोठी मॅगव्हील (अलॉय व्हील) बसवलेल्या गाडीचा टायर मडगार्डला घासत असेल तर नाशिकमध्ये कुणाकडे जावं, हे कंपनीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं. प्रत्येकाला वेगवेगळं आणि अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

गरवारे पॉइंटवरून अंबड एमआयडीसीकडे आत वळलं की थोडं पुढे डाव्या हाताला पत्र्याची उंच शेड आहे. पाटीवर दुकानाचं नाव नाही. 'व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नायट्रोजन' एवढंच रंगवलंय. मालकांना गिऱ्हाइकांपासून पोरांपर्यंत सगळे मामा म्हणतात. कामाला पाचपैकी पाच, बाकी सोयींना तीन. सोयींबद्दल शेवटी लिहिलंय. कामाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण टायर घासणे या एका तक्रारीवर शहरात इतके वेगवेगळे उपाय सांगतात की माणूस गोंधळून जातो.

आमची गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, सेकंडहँड घेतलेली. या मॉडेलला कंपनीकडून १६५/८० आर १४ टायर (रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची) आणि लोखंडी रिम येते. आधीच्या मालकाने ती काढून १६ इंची, ७ जे म्हणजे ७ इंच रुंदीची मॅगव्हील आणि त्यावर २०५/५५ आर १६ टायर चढवले होते. दिसायला गाडी देखणी. एकटीने सिडको ते अंबड ये-जा केली तर कसला आवाज नाही. पण मागे सासूबाई, सासरे आणि मुलगी बसले आणि डिकीत दोन पिशव्या पडल्या की प्रत्येक गतिरोधकावर मागून 'खर्र' असा आवाज यायचा. शिवाय पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतली की पुढूनही काहीतरी घासायचं. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, गोल चकचकीत पट्टा उमटला होता. रबर तापून झिजत होतं हे त्यावरूनच कळत होतं. हे असंच चालू ठेवणं धोक्याचं. पत्र्याची कड धारदार असते आणि टायरची भिंत हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग. तिथे काप गेला तर पंक्चरसारखी हळूहळू हवा जात नाही, टायर चालत्या गाडीत फुटतो.

मामांकडे जाण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. त्या दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तिथे काय सांगितलं ते लिहिते, कारण तोच सल्ला अनेकांना मिळतो. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, खालून बॅटरी मारली आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला तीन पर्याय दिले. एक, मागच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबरी बफर बसवू, म्हणजे गाडी खाली बसणारच नाही. दोन, मडगार्डची कड हातोडीने आत मारू. तीन, चाकामागे स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकू. माप एकाचंही घेतलं नाही. स्पेसरचा सल्ला ऐकून तर मी उठलेच. स्पेसर चाकाला बाहेर ढकलतो. चाक आतल्या बाजूला शॉकअपला किंवा स्प्रिंगच्या बशीला लागत असेल तिथे त्याचा उपयोग. आमचं चाक बाहेरच्या पत्र्याला लागत होतं. ते आणखी बाहेर काढून घासणं कमी कसं होणार?

मी स्वतः अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर व्हर्निअर आणि हाइट गेज हातात. ज्या माणसाने मोजलं नाही त्याच्या हातात हातोडी द्यायची नाही, एवढं मी ठरवूनच तिथून निघाले. मामांचं नाव आमच्या टूलरूममधल्या एका सहकाऱ्याने सुचवलं.

मामांचा पहिला प्रश्न होता, "ताई, गाडीत किती जण असतात तेव्हा घासतं?" दुसरा, "डाव्या बाजूला जास्त की उजव्या?" तिसरा, "वळताना की सरळ जाताना?" गाडीला हात लावायच्या आधी एवढं विचारणारा मेकॅनिक मला पहिल्यांदा भेटला. मी म्हटलं, लिफ्टवर घेऊन बघता का? ते म्हणाले, "लिफ्टवर चाकं लोंबकळतात, तिथे गॅप दिसणारच. गाडी बसल्यावर घासतं, तर बसवूनच बघायला पाहिजे."

मग त्यांनी जे केलं ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. मडगार्डच्या आतल्या कडेवर चारही चाकांच्या वर खडूची जाड रेघ ओढली. पुढच्या चाकांमागे जो प्लास्टिकचा लायनर असतो त्यावर पण खडू घासला. दुकानातली तीन पोरं मागच्या सीटवर बसवली, डिकीत जुने टायर भरले, आणि गाडी बाहेरच्या गतिरोधकावरून सावकाश दोन्ही दिशांनी नेली. परत आल्यावर मोकळ्या जागेत स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत पुढे-मागे घेतली. मग गुडघ्यावर बसून बॅटरीने चारही ठिकाणं दाखवली. मागे डावीकडे खडू जेमतेम दोन बोटं पुसला गेला होता. मागे उजवीकडे मात्र चांगला वीतभर साफ, आणि त्याखाली रंग उडून पत्रा दिसत होता. पुढे दोन्हीकडे मडगार्डची कड कोरडी, खडू जसाच्या तसा. घासलं होतं ते फक्त डाव्या लायनरला, खाली मागच्या कोपऱ्यात.

म्हणजे आवाज एकसारखा वाटला तरी भानगडी दोन होत्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. त्या पहिल्या दुकानात तिन्हीपैकी कोणताही उपाय केला असता तरी पुढचा आवाज तसाच राहिला असता.

पुढचं काम किरकोळ निघालं. लायनर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपांपैकी दोन गायब होत्या, त्यामुळे तो सुटून चाकाच्या वाटेत लोंबत होता. पोराने नव्या क्लिप लावल्या, हीट गनने लायनर थोडा गरम केला आणि हाताने दाबून आत बसवला. अशा वेळी बरेच जण लायनरचा कोपरा कापून टाकतात. मामांनी कापला नाही. तिथून पावसाचं पाणी आणि चिखल थेट आतल्या वायरिंगवर आणि पत्र्याच्या सांध्यात जातो म्हणाले. नाशिकच्या पावसात हा विचार महत्त्वाचा.

मागच्या चाकाचं काम खरं. आता थोडं गणित येईल, पण मॅगव्हील घ्यायच्या विचारात असलेल्याने ते वाचावंच.

डिकीत मूळ लोखंडी स्टेपनी होती. मामांनी ती काढून जमिनीवर पालथी ठेवली, तिच्या मागच्या कडेवर सरळ लोखंडी पट्टी आडवी टाकली आणि पट्टीपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक आवळतात त्याला) टेकणाऱ्या भागापर्यंत स्केलने माप घेतलं. मागच्या उजव्या मॅगव्हीलचंही तसंच माप घेतलं. मूळ रिम ५ जे, म्हणजे ५ इंच रुंद. ही ७ जे. दोन इंच रुंदी वाढली. हबचं टेकण मधोमधच्या रेषेपासून जितकं लांब, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात; रिमवर 'ईटी' लिहून पुढे आकडा कोरलेला असतो तो हाच. दोन्ही रिमचा ईटी सारखा असता तर दोन इंचांतला एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, बाहेर आणि तेवढाच आत गेला असता. पण मॅगव्हीलचा ईटी मूळ रिमपेक्षा कमी होता, आणि ईटी जितका कमी तितकं चाक बाहेर. दोन्ही मापं ताडून पाहिली तर रिमची बाहेरची कड मूळ जागेपेक्षा तीस मिलिमीटरच्या आसपास बाहेर आली होती. पुढच्या वेळी कुणी दुकानदार 'पीसीडी जुळतोय ना, मग बसतंय' म्हणाला तर त्याला ईटी विचारा. स्विफ्टचा पीसीडी ४ बाय १०० आहे, तो बाजारातल्या कितीतरी रिमना जुळतो. पीसीडी जुळला म्हणजे बोल्टची भोकं जुळली, एवढंच.

हे झालं रुंदीचं. उंचीचं वेगळं. १६५/८० आर १४ या टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर. २०५/५५ आर १६ चा ६३२. म्हणजे टायरचा माथा मडगार्डकडे सहा मिलिमीटरने सरकला, आणि त्याच वेळी चाक बाहेर आलं. मी वहीत हे लिहीत होते तर मामा म्हणाले, "आता १९५/५५ आर १६ चं काढा." काढलं: ६२१. कंपनीच्या मापाच्या इतकं जवळ की स्पीडोमीटर सुद्धा पुन्हा जागेवर आला. २०५ च्या टायरवर व्यास दोन टक्क्यांनी मोठा होता, म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा खरा वेग १०२. आणि स्टेपनी ६२० ची असल्यामुळे वाटेत ती लावायची वेळ आली तरी एका ॲक्सलवर दोन व्यासांची चाकं फिरणार नाहीत.

१९५ चा टायर ७ जे रिमवर चालतो, त्या मापासाठी मान्य असलेल्या रुंदीतली ती वरची मर्यादा आहे. भाराचा आकडाही मी तपासला. मूळ टायरवर ८५ होता, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. १९५/५५ आर १६ वर ८७ मिळतो, ५४५ किलो. मूळपेक्षा कमी आकड्याचा टायर कधीच घेऊ नका, कितीही स्वस्त दिला तरी.

आता उजवी बाजू डावीपेक्षा जास्त का घासत होती? इथे मामांचा अनुभव दिसला. दोन्ही मडगार्डवरून दोरा सोडून रिमपर्यंतचं अंतर मोजलं, तर उजवीकडची कडच तीन-चार मिलिमीटर आत आलेली होती. चाक जागेवर होतं, पत्रा जागेवर नव्हता. मामांनी मडगार्डवर बोटाच्या पेराने टकटक केली, वर एका ठिकाणी आवाज बसका आला. पुट्टी. गाडी आमच्याकडे यायच्या आधी तिला तिथे ठोकर बसून डेंटिंग झालेलं. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी चाकाच्या वरचा पत्रा असा वाजवून बघावाच, विशेषतः मोठी चाकं असतील तर.

या पुट्टीमुळे सगळा क्रमच बदलला. मडगार्डच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक पट्टी काटकोनात दुमडलेली असते. ती वर दाबून सपाट केली की टायरला सुटसुटीत जागा मिळते. याला रोलिंग म्हणतात, आणि तो योग्य उपाय आहे, फक्त पत्रा शाबूत असेल तर. पुट्टी लवचिक नसते. पत्रा हलला की ती तडकते आणि वरून रंगाला केसासारखी भेग जाते. मामांनी स्पष्ट सांगितलं, "आधी टायर बदला. मग पुन्हा खडू लावून बघू. लागत नसेल तर पत्र्याला हातच लावायचा नाही." रोलिंगचे पैसे त्यांना लगेच मिळाले असते. ते त्यांनी लांबवले.

स्प्रिंगमधल्या रबरी बफरबद्दल पण विचारलं. स्प्रिंगची दोन वेटोळी अडवली की उरलेल्यांवर जास्त ताण येतो, मागची बाजू ताठ होते आणि गतिरोधकावर मागे बसलेल्याच्या पाठीला दणका बसतो. ज्यांच्यासाठी गाडीत मागची सीट आहे, त्या वयस्कर माणसांनाच त्याचा त्रास. आमच्या स्प्रिंगची उंची दोन्ही बाजूंना सारखी होती आणि शॉकअप कोरडे होते, तेलाचा ओघळ नव्हता. म्हणजे मूळ सस्पेन्शनला काही झालेलंच नव्हतं. चांगल्या वस्तूला औषध कशाला?

आणि एक पर्याय मामांनी मोकळेपणी दिला, तो मी घेतला नाही पण इतरांनी जरूर विचारात घ्यावा. १६ इंची मॅगव्हील विकून टाकायची आणि १८५/६५ आर १५ वर यायचं. स्विफ्टच्या झेडएक्सआयला कंपनीच तो टायर देते. व्यास जवळपास तोच, पण टायरची भिंत १२० मिलिमीटर. १९५/५५ ला ती १०७ उरते, आणि आमच्या मूळ टायरला १३२ होती. भिंत जितकी उंच तितका खड्डा टायर पचवतो. भिंत बुटकी झाली की तोच खड्डा रिमला आणि पाठीला लागतो. पावसाळ्यानंतरचा पाथर्डी फाट्याचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही १६ इंचीवर राहिलो कारण रिम चांगल्या निघाल्या. बॅलन्सिंग मशीनवर फिरवून चारही तपासल्या, एकही वाकडी नव्हती, आणि जुन्या मॅगव्हीलला भाव फारच पडेल येत होता. गाडी कोरी असती आणि निवड माझ्या हातात असती, तर मी १५ च्या पुढे गेले नसते.

चार टायर बसवताना आणखी एक गोष्ट सापडली. आम्हाला ८० च्या वर स्टेअरिंगला बारीक थरथर जाणवायची, ती रस्त्याची असेल असं वाटायचं. चाक उतरवल्यावर दिसलं की मॅगव्हीलचं मधलं भोक ६७.१ मिलिमीटरचं आणि स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ चा. व्यासात तेरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे भोवती साडेसहा मिलिमीटरची पोकळी. ही भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग येते, तिच्यामुळे चाक बरोबर मध्यावर बसतं. पुढच्या दोन्ही चाकांना ती नव्हतीच. किंमत अगदी किरकोळ असते, पण ती नसली की चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात राहतं. चारही चाकांना ॲल्युमिनियमच्या रिंगा घातल्या आणि थरथर गेली. मॅगव्हील नवीन घेणाऱ्यांनी ही रिंग बसवली का, हे डोळ्यांनी बघून घ्यावं.

नट आवळताना मामांनी पोराला आधी हाताने किती फेरे बसतात ते मोजायला लावलं. स्विफ्टचा स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो बोल्ट, १२ मिलिमीटरचा, आटे १.२५ मिलिमीटरचे. निदान स्टडच्या जाडीइतके आटे नटात गुंतले पाहिजेत, म्हणजे साडेनऊ-दहा फेरे. आमचे त्याहून जास्त बसले. मग टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने. हवेच्या गनने दणकावून आवळलं आणि सोडून दिलं, असं झालं नाही. शंभरेक किलोमीटर चालवून परत येऊन पुन्हा टॉर्क बघून जा, असं बजावलं. नव्या बसवणीत नट थोडे बसतात. त्या वेळी पैसे घेतले नाहीत.

टायर घेताना मी त्यावरचा चार आकडी क्रमांक बघितला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही एकाच महिन्यातले, त्याच वर्षाचे होते. एका टायरवर धूळ जास्त होती म्हणून मी तो बदलून मागितला, तर वाद न घालता बदलून दिला.

टायर बदलून पुन्हा खडूची परीक्षा झाली. तीच पोरं, तोच गतिरोधक. डावीकडे खडू अखंड. पुढचा लायनर अखंड. उजवीकडे मात्र तीन बोटं अजूनही पुसलेलं. व्यासामुळे वरून साडेपाच मिलिमीटर आणि रुंदी दहाने कमी झाल्यामुळे बाजूने पाच मिलिमीटर सुटले होते, पण मुळात वाकलेल्या पत्र्याने त्यातले चार खाल्ले होते.

मग उजव्या बाजूचं रोलिंग करायचं ठरलं. इथे मामांनी हातचं राखून काही सांगितलं नाही: पुट्टी वर आहे, कडेपर्यंत आलेली नसावी, पण आत काय आहे ते दिसत नाही, रंग तडकला तर मी पेंटरचे पैसे देणार नाही. असं आधी सांगितलेलं मला आवडतं. मी हो म्हटलं.

चाक काढून हबवर एक लोखंडी दांडा बोल्टने आवळला. दांड्याच्या टोकाला नायलॉनचा छोटा रूळ असतो, तो कडेला टेकतो आणि दांडा डावी-उजवीकडे हलवला की पट्टीवरून फिरतो. फिरवण्याआधी हीट गनने रंग गरम केला. मामा दर थोड्या वेळाने हाताचा मागचा भाग बाहेरून पत्र्याला लावून बघत होते. हात ठेवता येईल पण फार वेळ नाही, इतका तापला की थांबायचं. गार रंग कडक असतो, वाकवला की फुटतो. गरम रंग पत्र्याबरोबर वळतो. रूळ एका दमात दाबला नाही. आधी पट्टी थोडीशी तिरकी, पुन्हा गरम, पुन्हा थोडी, असं करत शेवटी सपाट. मधेच एकदा कुठे बारीकसा 'टिक' असा आवाज आला तेव्हा त्यांनी हात वर केला, पोराने दांडा सोडला, आणि दोघांनी बॅटरी लावून बाहेरचा रंग इंच इंच तपासला. पुट्टी होती तिथे काही नव्हतं. आवाज आतल्या जुन्या सीलंटचा होता, तो सुटून सालपट निघालं होतं. तो जुना थर खरवडून काढला, पत्र्याला रेडऑक्साइड प्रायमर दिला, वाळू दिला आणि वर नवीन सीलंटची पट्टी बोटाने ओढली. हे शेवटचं काम बरेच जण करत नाहीत. दुमडलेल्या पट्टीच्या आत दोन पत्रे जोडलेले असतात. तिथे पाणी शिरलं की गंज आतून खात येतो आणि बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

अलाइनमेंटचा कागद छापून दिला, आधीचा आणि नंतरचा. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं वरून पाहिल्यावर आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बिघडलेला होता, तो स्टेअरिंगच्या टायरॉडवर जुळवला. मागच्या बाजूला स्विफ्टला टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम, आहे, तिथे कंपनीने सेटिंगची सोय ठेवलेली नाही. मशीन फक्त आकडा दाखवतं. मामांनी मागचे पैसे लावले नाहीत आणि तसं सांगितलंही. बीम असल्यामुळेच मागचं चाक गाडी बसली की जवळजवळ सरळ वर जातं. पुढचं चाक वर जाताना माथ्याने थोडं आत झुकतं, मागचं झुकत नाही. म्हणून अशा गाड्यांमध्ये घासायची सुरुवात बहुधा मागून, भार पडल्यावर होते.

खरी परीक्षा सप्तशृंगी गडावर घेतली. दिंडोरी, वणी, नांदुरी आणि मग घाट. गाडीत पाच जण, डिकीत ओटीचं सामान आणि डबे. नांदुरीपासून वर जाताना वळणं अशी की स्टेअरिंग पूर्ण फिरवावं लागतं, आणि एका बाजूचा सगळा भार बाहेरच्या मागच्या चाकावर येतो. आमच्या उजव्या मागच्या चाकाला याहून कठीण प्रश्नपत्रिका नाशिक जिल्ह्यात नाही. मी काच खाली करून ऐकत होते. काही नाही. सासूबाईंना मी आधी काही सांगितलं नव्हतं; उतरताना त्या आपणहून म्हणाल्या, "आज मागून ते खरखर नाही गं आलं." खाली आल्यावर कडेला हात फिरवला, सीलंट जसंच्या तसं होतं आणि टायरच्या खांद्यावर नवा पट्टा नव्हता.

आता सोयींचे तीन का, ते.

बसायला जागा नाही. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक बाक, तोही बहुतेक वेळा टायरने भरलेला. बाईमाणसाला तिथे अर्धा दिवस काढणं अवघड आहे. स्वच्छतागृह नाही, सगळ्यात जवळचं म्हणजे हायवेवरचा पेट्रोलपंप. सकाळी कारखान्यांच्या टेम्पो आणि टॅक्सींची रांग असते, दुपारी जेवणानंतर गेलात तर मामा निवांत बोलतात. फोन क्वचितच उचलतात. यूपीआय चालतं, कार्ड चालत नाही. टायरचं जीएसटी बिल मागितल्यावर लगेच मिळालं, पण मजुरीचं साध्या वहीतलं. वॉरंटीसाठी टायरचं बिल लागतं, ते मागून घ्याच. आणि बॅलन्सिंगला पोराने पहिल्या चाकाला ठोकायची शिशाची वजनं लावली, त्याने मॅगव्हीलच्या कडेला ओरखडा आला. मी सांगितल्यावर बाकी तिन्हींना आतून चिकटवायची वजनं लावली. मॅगव्हीलला चिकटवायचीच वजनं हवीत, हे मामांनी पोरांना शिकवायला हवं.

पैशांचं म्हणाल तर चार टायरच २५ हजारांच्या वर गेले. रोलिंग, रिंगा, क्लिपा, अलाइनमेंट हे सगळं मिळून त्याच्या पाव भागातच बसलं. जुने २०५ चे टायर त्यांनी घेतले, भाव माफक दिला.

शेवटी ज्यांच्या गाडीला हेच करायचंय त्यांच्यासाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावणारी ठेवू नका, आणि मॅगव्हील बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा. मामांकडे जाताना स्टेपनी काढून ठेवू नका, मूळ माप तिच्यावरूनच निघतं. स्टेपनी सोडून डिकी मोकळी करून न्या. आणि शक्य असेल तर घरच्या दोघा-तिघांना सोबत घ्या, कारण दुपारी दुकानातली पोरं जेवायला गेलेली असतात आणि मागच्या सीटवर माणसं बसल्याशिवाय मामा खडू हातात घेत नाहीत.